येसराचं मटण आणि वेल्सचा कप

सामन्याच्या दिवशी सकाळी मी जावयाला मटण-भाकरी गळ्यापर्यंत खाऊ घातली आणि एका अख्ख्या गावाचा कप हुकवला, हे आधीच सांगून टाकते. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा बरं. तेव्हा मी तरुण होते, म्हणजे बासष्टची. अक्कल यायची होती.

निघाले दौलताबादजवळच्या पडेगावहून. आमची मूळची मेंढरं. आता थोड्या शेळ्या, थोडी शेती आणि एक मुलगी परदेशात. सुनीता वेल्समध्ये नर्स आहे. तिनं तिथल्याच राईस नावाच्या मुलाशी लग्न केलं, तेव्हा त्या दारात पाय ठेवणार नाही असं मी जाहीर केलं होतं. ह्यांचा, म्हणजे सुनीताच्या वडिलांचा, राग वर्षभरात ओसरला. जावयाशी फोनवर "हॅलो, जेवलात का" सुरू झालं. मी मात्र फोन वाजला की शेळ्यांना पाणी दाखवायला जायचे. इतकं पाणी पिणाऱ्या शेळ्या साऱ्या जिल्ह्यात नसतील. अशी बरीच वर्षं गेली. शेवटी हेच वैतागले. "जा एकदा. शेळ्यांचं मी बघतो. विमानात बसायला मला नाय जमायचं, पण तुला राग धरून बसायला चांगलं जमतंय, तर तिकडं जाऊन बस."

बॅगेत लुगडी कमी आणि येसर (बाजरी, गहू, डाळी भाजून मसाल्यासकट दळलेलं पीठ, आमच्याकडं ह्याच्याशिवाय रस्सा होत नाही) जास्त. लंडनच्या विमानतळावर एका साहेबानं डबा उघडायला लावला, नाक आत घातलं, दोनदा शिंकला आणि झाकण लावून परत दिला. तिथून बसनं वेल्स. नदीवरचा मोठा पूल ओलांडला की रस्त्यावरच्या पाट्या दोन भाषांत सुरू होतात. मला दोन्ही सारख्याच कळत होत्या.

सुनीताचं गाव एका लांबट दरीत आहे. एकाला एक चिकटलेली दगडी घरं आणि मागं गवताचे गोल डोंगर. डोंगरावर मेंढ्या दिसल्या तेव्हा मला हायसं वाटलं. पाठीवर ओळखीसाठी निळा रंग फासलेला. आम्ही गेरू लावतो, एवढाच फरक. अंगानं मात्र आमच्या मेंढरांच्या दुप्पट. गवतही तसंच, कमरेएवढं भरपूर होतं.

थांब्यावर जावई उभे होते. दारात मावणार नाही असा माणूस. पाया पडायला वाकले तर गुडघा असा कडाडला की मीच मागं सरले. "आई, या," म्हणाले, चक्क मराठीत. मी "हं" म्हणाले. इतक्या वर्षांनी एवढंच सुचलं. हुशार बाई.

घरी व्याह्यांनी, ग्विन त्यांचं नाव, काउल (मटण, बटाटे आणि पातीच्या जाड कांद्यासारखी एक भाजी घालून केलेला पातळ रस्सा) केला होता. जन्मभर कोळशाच्या खाणीत काम केलेला माणूस, आता खाणी बंद. काउल पौष्टिक होता. तिखटाशी त्याची भेट झालेली नव्हती.

जेवण झाल्यावर व्याही आम्हाला गावच्या रग्बी क्लबात घेऊन गेले. म्हणजे एक मोठी खोली, दारूचा काउंटर, मागं स्वयंपाकघर आणि भिंतभर फोटो. दुसऱ्या दिवशी कपाचा सामना होता. जो हरला तो घरी, अशी ही स्पर्धा. व्याही इंग्रजीत सांगत होते, सुनीता मराठी करत होती.

"आजोबांच्या आजोबांच्या काळात इकडं असा एक कप होता," व्याही म्हणाले. "पण मैदानापेक्षा मारामाऱ्या बाहेरच जास्त. बंदच पडला."

"मग?"

"मग कितीतरी वर्षं क्लब एकमेकांशी नुसते ठरवून खेळायचे. मोठे मोठ्यांशी, आम्ही आमच्यासारख्यांशी. मी तरणा होतो तेव्हा, सत्तरच्या सुमाराला, हा कप निघाला. चिठ्ठ्या टाकून जोड्या ठरायच्या. देशाकडून खेळणारे गडी आमच्या ह्या चिखलात यायचे. असा एखादा मोठा क्लब एखाद्या खेड्यानं पाडला की वर्षभर तेच बोलणं."

"तुम्ही पाडला का?"

"बरोबरी केली," व्याही म्हणाले. "बरोबरी झाली की पाहुणा संघ पुढं, असा तेव्हा नियम होता. आम्ही घरचे."

पाहुण्याला पुढं करायचा नियम मला पसंत पडला. तसं मी बोलूनही दाखवलं. सुनीतानं त्याचं इंग्रजी केलं नाही.

कपाचं नाव म्हणे सारखं बदलत गेलं. कधी सरबत करणाऱ्या कंपनीचं, कधी वीजवाल्यांचं, ज्याचा पैसा त्याचं. मी म्हणाले, आमच्या शहराचंही बदललंय, मी रिक्षावाल्याला दोन्ही नावं सांगते. पुढं ह्या खेळात पगार आले, मोठे गडी मोठ्या संघांकडं गेले, कपाची गर्दी आटली. "पण शेवटचा सामना अजून कार्डिफलाच होतो," व्याही म्हणाले. "आणि आमचं गाव उद्याच्या फेरीच्या पुढं कधी गेलेलं नाही. राईस आमच्या संघात खेळतो, पण त्याचा गुडघा संपलाय. हे त्याचं शेवटचं वर्ष. गाव पुढं गेलेलं मला एकदा बघायचंय."

हे मी कान देऊन ऐकलं. आणि ऐकून काय केलं?

सकाळी सुनीताची ड्यूटी होती, ती पहाटेच गेली. मी येसराचं मटण शिजवलं, बरोबर आणलेलं ज्वारीचं पीठ संपेपर्यंत भाकरी थापल्या. माझा एक चुलता भरपेट खाऊन कुस्तीच्या फडावर जायचा. तो कधी जिंकला का, हे मी आयुष्यात विचारलं नव्हतं.

जावई पाटावर बसावेत तसे खुर्चीवर ताठ बसले. दुसऱ्या भाकरीला म्हणाले, "आई, बस."

आता आमच्याकडं पहिले तीन नकार धरायचेच नसतात. ती रीत आहे. पाहुणा नको म्हणतो, आपण वाढतो, तो पुन्हा नको म्हणतो, आपण पुन्हा वाढतो. "ही सुनीताच्या बाबांच्या नावानं," मी म्हणाले. मग एक व्याह्यांच्या नावानं. एक जावयांच्या आईच्या नावानं, तिचं तर नावही मला माहीत नव्हतं. त्यांच्या कपाळावर घाम आला. मी समजले, तिखट लागलं, आणि वरून तूप वाढलं. ताटात कण ठेवला नाही त्यांनी. मला वाटलं, जावई चांगला आहे.

सामना दुपारी. थंडी, बारीक पाऊस, व्याही आणि मी मैदानाच्या कडेच्या दोरीपाशी. दोन्हीकडची धिप्पाड माणसं डोक्याला डोकी अडकवून ढकलायला लागली (ह्याला स्क्रम म्हणतात) तेव्हा मला खेळ कळला. एडक्यांची टक्कर, फक्त आठ-आठ जणांची. जावई पहिल्या ओळीत. ते होते तोवर आमची बाजू तसूभर सरकली नाही. गाव पुढं होतं.

मध्यंतरानंतर जावई गुडघ्यांवर हात टेकून उभे राहायला लागले. मग कडेला गेले, वाकले, आणि माझी सकाळची सगळी मेहनत वेल्सच्या गवतावर आली. त्यांना बाहेर काढलं. त्यानंतरच्या प्रत्येक टकरीत आमची ओळ मागं जात राहिली, आणि अगदी शेवटी पाहुण्या संघानं ढकलत ढकलतच आम्हाला रेषेपलीकडं नेऊन गुण मिळवले. थोडक्यात हरलो.

व्याह्यांनी थर्मासातला चहा आधी मला ओतून दिला.

सामन्यानंतर यजमानांनी पाहुण्या संघाला जेवू घालायचं, अशी तिथली पद्धत आहे. नुकते ज्यांनी एकमेकांची तोंडं चिखलात घातली ते एका टेबलावर वाटाणे-बटाटे खात होते. ड्यूटीवरून आलेली सुनीता मला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"आई, सामन्याआधी हे लोक एक केळं खातात. एक."

"मग बोलले का नाहीत?"

"तू बोलू दिलंस?"

उरलेले दिवस मी शहाण्यासारखी वागले. कार्डिफ पाहिलं, किल्ला पाहिला, समुद्र पाहिला. जावई गाडी चालवत होते, मधेच "आई, पाणी?" विचारत होते. सामन्याचा विषय त्यांनी काढला नाही आणि माझी हिंमत झाली नाही.

पडेगावला पोचले तेव्हा ऊन कडक होतं आणि दौलताबादचा किल्ला जागेवर होता. ह्यांना सगळं सांगितलं. हे हसले नाहीत, त्याचंच मला वाईट वाटलं. लोक प्रवासाहून देश बघून येतात. मी राग धरून आयुष्यातली जी चांगली वर्षं घालवली, ती मोजत आले. जगात कुठंही कुणी "बस" म्हणालं तर आता मी एकदाच विचारते.

त्या संध्याकाळी फोन मीच लावला. सुनीताला म्हणाले, त्यांच्याकडं दे. ते आल्यावर सरळ विचारलं, "जावईबापू, इतका मोठा सामना होता. ताट सरकवून उठायचं नाही का?"

त्यांनी पलीकडं एकेक मराठी शब्द जुळवला. मग म्हणाले, "कप दरवर्षी येतो, आई. तुम्ही मला पहिल्यांदाच वाढलं."