खिशातली गोळ्यांची पट्टी

सुनीताला पेसमेकर लावावा लागू शकतो असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तिची नाडी मंदावण्याचं कारण माझ्या शर्टाच्या खिशात होतं. तिच्याच रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी, चिपळूणहून आणलेली. रोज सकाळी वॉर्डातली नर्स बाजूला गेली की त्यातली एक गोळी मी बायकोला देत होतो, कुणालाही न सांगता. चूक माझी होती. ती इथे लिहितोय, कारण आखातात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात अशी पट्टी असते.

सुरुवात सुनीताला थंडी वाजून ताप येण्याने झाली. मी दुबईत अल क्वोजला एका गोदामात स्टोअरकीपर आहे. दोन दिवस मी कामावर जात राहिलो आणि ती घरी पॅरासिटामॉल घेत राहिली. तिसऱ्या दिवशी तिला कमरेत अशी कळ आली की बर दुबईतल्या आमच्या घरातून टॅक्सी करून थेट इमर्जन्सी गाठली. पायलोनेफ्रायटिस, म्हणजे मूत्रपिंडाला झालेला संसर्ग. किडनीचं कामही मंदावलं होतं, म्हणून दाखल करून घेतलं.

वॉर्डात डॉ. शीबा आल्या. केरळच्या, हिंदी कामापुरतं. त्यांनी स्वतःला हॉस्पिटलिस्ट म्हटलं. हा शब्द मला नवा होता. हॉस्पिटलिस्ट म्हणजे फक्त दाखल झालेल्या रुग्णांचा डॉक्टर. त्यांची बाहेर ओपीडी नसते. रोज पेशंटला तपासायचं, वेगवेगळ्या तज्ज्ञांचं म्हणणं जुळवून औषधं ठरवायची, घरी कधी सोडायचं ते बघायचं, हे त्यांचं काम.

त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "घर में कोई दवाई चालू है? आयुर्वेदिक भी बताइए."

सुनीताने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "नो मेडिसिन, डॉक्टर."

सुनीताने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. विम्याच्या फॉर्मवर जुन्या आजारांपुढे मी 'नाही' लिहिलं होतं. आमच्या कामावर सगळे तसंच लिहितात. आता खरं सांगितलं तर क्लेम नाकारतील ही भीती होती. आणि गोळी एक दिवसही चुकवू नका, असं गावच्या डॉक्टरांनी बजावलेलं. मग दोन्ही सांभाळायचं मी माझ्या डोक्याने ठरवलं.

अँटिबायोटिकने ताप उतरला, पण नाडी मंदावत गेली. याला ब्रॅडिकार्डिया म्हणतात, म्हणजे हृदयाचे ठोके फार कमी पडणं. ईसीजी झाला, थायरॉइडच्या तपासणीला रक्त गेलं, इको झाला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. मोठ्या तपासणीआधी विमा कंपनीचं अप्रूव्हल यावं लागायचं, तोवर मी खाली काउंटरसमोर बसून राहायचो.

"अहो, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते," सुनीता म्हणाली.

"तापाचा अशक्तपणा आहे तो. गोळी घे आधी."

तिने ती घेतली.

बिलात डॉ. शीबांच्या रोजच्या भेटीची वेगळी रक्कम दिसली, तेव्हा माझा तोल गेला. वॉर्डातच मी त्यांना म्हणालो, "ताप गेला तरी टेस्ट चालूच. बिल वाढवायचं आहे का तुम्हाला?"

शेजारच्या पडद्याआडचं बोलणं थांबलं. त्या स्टूल ओढून बसल्या. "बिल तो बनता है, सर," त्या म्हणाल्या. पेशंट किती आजारी आहे, आपण काय तपासलं आणि काय ठरवलं हे त्या रोज लिहितात. भेटीचं बिल त्यावरून लागतं. टेस्ट जास्त सांगितल्या म्हणून त्यांना जास्त काही मिळत नाही. "पल्स क्यों गिर रहा है, मुझे समझ में नहीं आ रहा. समझेगा तो टेस्ट बंद."

पट्टी खिशातच होती.

दुसऱ्या दिवशी त्या हृदयविकारतज्ज्ञांना घेऊन आल्या. ते म्हणाले, नाडी अशीच राहिली तर तात्पुरता पेसमेकर, म्हणजे मानेजवळच्या शिरेतून तार आत सोडून हृदयाला विजेचे ठोके द्यायचे.

सुनीताचा हात गळ्याकडे गेला. दोन्ही डॉक्टरांना कळणार नाही अशा आमच्या मराठीत ती मला म्हणाली, "अहो, सांगू का त्यांना?"

मी पट्टी काढून डॉ. शीबांच्या हातात दिली. त्यांनी नाव वाचलं. अ‍ॅटेनोलॉल. रक्तदाबासोबत नाडीही कमी करणारं औषध. ते शरीराबाहेर पडतं किडनीतून, आणि सुनीताची किडनी तर मंदावलेली. रोजची गोळी अंगात साचत होती.

"लास्ट कब दिया?" त्यांनी एवढंच विचारलं.

"आज सकाळी."

तिला आयसीयूत हलवलं, नाडी वाढवायचं औषध सलाइनमधून दिलं. पेसमेकरची तयारी बाहेर ठेवलेली होती. "यह मुझे फाइल में लिखना पड़ेगा," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, लिहा. पुढे विम्यावाल्यांनी कागद मागितले, बिलाचा काही भाग आमच्या अंगावर आला. आला तर आला. नाडी हळूहळू वर चढली आणि तार घालावी लागली नाही.

डिस्चार्जच्या दिवशी डॉ. शीबांची सुट्टी होती. पुढच्या तपासणीला आम्ही किडनीच्या डॉक्टरांकडे गेलो, पण डॉ. शीबांची अपॉइंटमेंट मिळण्यासारखीच नव्हती. त्यांना भेटायचं तर आजारी पडूनच. म्हणून आम्ही दोघं वॉर्डाच्या लिफ्टजवळ बाकावर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने त्या कॉफीचा कप घेऊन बाहेर आल्या. आधी त्यांनी सुनीताचं मनगट धरून नाडी पाहिली.

मी म्हणालो, "सॉरी, डॉक्टर. दवाई छुपाई मैंने, और शक आप पे किया. सबके सामने बोला था, इसलिए बीवी के सामने माफी माँगता हूँ."

त्यांनी मान हलवली. "अगली बार पहले दिन बताइए," म्हणाल्या आणि लिफ्टमध्ये शिरल्या.

सुनीता बाकावरून उठली नाही.

"लग्नाच्या सव्वीस वर्षांत तुमच्या तोंडून पहिल्यांदा माफी ऐकली," ती म्हणाली. "तीही हिंदीत, आणि दुसऱ्या बाईला."

मी तिच्या शेजारी बसलो. "सुनीता, चुकलं माझं. तू अंधारी येते म्हणालीस, तेव्हा तुझं ऐकायला हवं होतं. मला माफ कर."