शेवळांच्या पानावरून बाहेर

माझ्या रानभाज्यांच्या वेबसाइटवरून वाचक कुठल्या लिंकने बाहेर गेले, ते मी जेवणाआधी रोज बघतो. आज शेवळांच्या पाककृतीखालची ‘घसा सुजल्यास’ ही लिंक कुणीतरी दाबलेली दिसली. ती एका इस्पितळाच्या पानावर जाते.

“सहज दाबली असेल,” बायको म्हणाली.

असेलही. पण काकडं, म्हणजे ती आंबट रानफळं, घातली नाहीत तर शेवळं घशाला खाजतात, हे मी अगदी शेवटी लिहिलंय. आमच्या पालघरकडे ते कुणाला सांगावं लागत नाही.

घरातून निघालेलं माणूस वळणापर्यंत तरी दिसतं. इथे वेबसाइटच्या उंबऱ्याबाहेर नुसता अंधार.

काकडांची ओळ मी सगळ्यात वर आणली. ताटात आमचीही शेवळंच होती. पहिला घास कितीतरी वेळ हातातच राहिला.