वेशीवरच्या पलटणीची विहीर

शेती निरगुडसरला करावी आणि काळजी मात्र हजारो वर्षांनंतर विझणाऱ्या सूर्यांची करावी, असा माणूस अख्ख्या आंबेगाव तालुक्यात एकच आहे, आणि आमच्या सासऱ्यांनी नेमका तोच हेरून त्याला आपली धाकटी मुलगी दिली. तो माझा साडू. दिसायला तुमच्याआमच्यासारखाच. थोडा ऊस, थोडा कांदा, दावणीला गाई, सकाळी डेअरीत दूध घालून येतो, वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला रामराम करतो. पण त्याला ‘काय चाललंय?’ एवढं विचारायचं धाडस करू नये. आळ्याला एका लग्नात पंगतीत शेजारी बसलेल्या पाहुण्याने ते केलं. "काय म्हणतंय तिकडं?" एवढंच त्याने विचारलं. आमच्या साडूने भात कालवता कालवता सांगितलं, "लई अवघड हाय. काल एक सूर्य विझला." पाहुण्याने हातातला घास खाली ठेवला आणि हळहळून विचारलं, "आरारा! दहावं कवा हाय?"

हा सगळा एका खेळाचा प्रताप. परदेशातला आहे, त्याचं लांबलचक इंग्रजी नाव आमच्या कुणाच्या जिभेवर बसलं नाही, म्हणून साडूने त्याचं ‘अंधारपर्व’ असं बारसं केलं. टेबलावर बोटाच्या पेराएवढे सैनिक मांडायचे, टेप लावून अंतर मोजायचं, फासे टाकायचे आणि एकमेकांची माणसं मारायची. पण खेळ निमित्ताला. खरा जीव त्यामागच्या कथेत, आणि ती कथा जाडजूड इंग्रजी पुस्तकांत. तिच्यात एकेक सूर्य विझत चाललाय, उरलेल्या उजेडासाठी सात साम्राज्यं एकमेकांच्या उरावर बसलीत आणि सातांतलं एकही धड नाही. मी एकदा भाबडेपणाने विचारलं, "यातले चांगले कोण?" तो माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत राहिला. म्हणाला, "चांगलं कुनीच न्हाई, भाऊ. चांगलं असतं तर येवढं वाचलं कशाला असतं?"

माझं आळेफाट्याला रंगांचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. तिथे तो महिन्यातून एकदा तरी उगवतो आणि भर गिऱ्हाइकांत उभा राहून म्हणतो, "भाऊ, वाळल्याला रगताचा रंग हाय का?" एकदा मी गेरू दाखवला. तो नाक मुरडून म्हणाला, "गेरू तुळशीला लावायचा. मला दोन-तीन दिवसांपूर्वीचं रगत पायजे, चिखलात पडल्यालं." बिजागऱ्या घ्यायला आलेला एक म्हातारा बिजागऱ्या तशाच ठेवून निघून गेला, आणि दारातून वळून मला हळूच विचारता झाला, "पावणं करत्यात काय?" शेतकरी आहेत म्हटल्यावर त्याचा अजिबात विश्वास बसला नाही. मग हा गडी चार केसांचा ब्रश घेऊन, डोळ्याला भिंग लावून, एकेका सैनिकाच्या बुटाच्या नाड्या रंगवत बसतो. त्याच्या स्वतःच्या चपलेचा अंगठा गेल्या उन्हाळ्यात तुटला तो अजून तारेने बांधलेला आहे.

रविवारी त्याच्या कांदा साठवायच्या बराखीत दरबार भरतो. कांदा विकून बराख रिकामी झाली की तिच्यात जुन्या दाराची फळी मांडून हे लोक विश्व उभं करतात. चारपाच जण जमतात. त्यांतले मंचरचे दातांचे डॉक्टर हे या शास्त्रातले महामहोपाध्याय. कुठल्या पुस्तकात कुठल्या सेनापतीने काय म्हटलं ते त्यांना तोंडपाठ, आणि छापील शब्दापासून तसूभर हललेलं त्यांना खपत नाही. एका सेनापतीने माघार घेतली ती भीतीने की डावपेच म्हणून, यावरून साडूत आणि डॉक्टरांत असं बिनसलं, की ते महिनाभर एकमेकांशी बोलेनात. शेवटी साडूची दाढ ठणकायला लागली आणि त्याला डॉक्टरांची पायरी चढावी लागली. डॉक्टरांनी त्याला खुर्चीत आडवा केला, तोंडात नळ्या खुपसल्या आणि मग शांतपणे, मुद्देसूद, तो सेनापती भित्राच होता हे त्याला समजावून सांगितलं. साडू फक्त हातवारे करत होता. "आयुष्यात पयल्यांदा हारलो, आन् तेबी पैसं देऊन," असं तो नंतर म्हणायचा.

लढाई संपली की मेलेले सैनिक डब्यात भरायच्या आधी तो ‘दोन शब्द’ बोलतो. आमच्याकडे दशक्रियेला नदीवर जशी श्रद्धांजलीची भाषणं होतात, अगदी तशी. हात पुढे बांधून, खाली मान घालून, दोन्ही बाजूंच्या मयतांबद्दल. एकदा डॉक्टर वैतागले, "अहो, हे सूर्य गिळणारे राक्षस आहेत, त्यांना कसली श्रद्धांजली?" साडू म्हणाला, "मेल्यावर कसलं वैर, डॉक्टर? डबा तर येकच हाय." आम्ही सगळे हसलो खरे, पण त्यानंतर डॉक्टरही मान खाली घालून उभे राहायला लागले.

आता सासऱ्यांचं सांगतो. सासूबाई गेल्या आणि आमचे सासरे बोलायचे थांबले. भांडून नव्हे, रुसून नव्हे, नळाचं पाणी जावं तसे थांबले. आळ्याच्या घरात एकटे कसे राहणार, म्हणून धाकटीने त्यांना निरगुडसरला आणलं. पडवीत खाटेवर बसायचे, रस्त्याकडे बघायचे, ताट पुढे आलं की जेवायचे. मुलींनी आपल्या दादांसाठी सगळं करून पाहिलं. टीव्ही लावला, नातवंडं मांडीवर दिली, भीमाशंकरला नेऊन आणलं. दर्शन घेऊन आले ते गप्पच. साडूने मात्र काहीच केलं नाही. पडवीत उजेड बरा येतो म्हणून तो आपले रंग आणि सैनिक घेऊन त्यांच्या खाटेजवळ बसायला लागला, इतकंच. आणि एके दिवशी खाटेवरून आवाज आला, "ह्याचा पाय मोडलाय." साडूने वर बघितलं. त्याच्या बायकोच्या हातातलं सूप खाली पडलं. तो मात्र अगदी साधेपणाने म्हणाला, "व्हय मामा. वेशीवरच्या लढाईत मोडला." थोड्या वेळाने म्हाताऱ्याने विचारलं, "मग पुढं?"

वेस म्हणजे त्या कथेतला एक ग्रह, उजेडाच्या मुलखात शिरायच्या आधीचा शेवटचा. त्याचंही नाव साडूनेच ठेवलेलं. तिथे एक पलटण राखणीला ठेवलेली आहे. साधी शेतकऱ्यांची पोरं, मागून कुमक नाही, पुढून अंधार येतोय. सासऱ्यांचा जीव त्या पलटणीत अडकला. रोज दुपारचा चहा झाला की वाचन सुरू. सासऱ्यांनी त्याची रीतसर पोथीच करून टाकली. हातपाय धुऊन बसायचं, सासूबाईंच्या पोथीचा लाकडी स्टँड आळ्याहून मागवून घेतलेला, त्यावर ते इंग्रजी पुस्तक, आणि साडू बघून बघून मराठीत सांगणार. दिवाळीत सासऱ्यांच्या बशीतला चहा पानावर सांडला, तर त्यांनी पुस्तकाला हात लावून तो कपाळाला लावला. राजवाड्यात बसून नुसत्या सह्या करणाऱ्या बादशहाला ते ‘चेअरमन’ म्हणत आणि पलटणीच्या कर्नलला ‘पाटील’. "पाटलाला सांगा, त्या चेअरमनच्या नादी लागू नकू," असे निरोप ते पुस्तकात पाठवायचे. माझी मेव्हणी फोनवर बहिणीला रडत रडत सांगायची, "अगं, दादा आज भांडले!"

आणि मग त्यांनी जाहीर केलं, की पोथी आहे तर समाप्तीही झाली पाहिजे. माघातला एक रविवार ठरवला, मासवडीचा बेत सांगितला, सगळ्यांना बोलवायला लावलं. दुसऱ्या दिवशी साडू माझ्या दुकानात आला तो पांढराफटक. रंग मागितला नाही. खिळ्यांच्या पोत्यावर बसला आणि म्हणाला, "भाऊ, पलटन मरती. शेवटच्या पानावर समदी मरती. येकबी ऱ्हात न्हाई."

"मग आजवर काय वाचत होतात?"

"दिवाळीच्या टायमालाच तिथवर आलो व्हतो. पान उलटायचं धाडस झालं न्हाई. मग मनानंच सांगाया लागलो. पलटनीनं नाचणी पेरली. कुनाला घरनं सांगावा आला. आता इहीर खनत्यात." तो हात चोळत राहिला. "मामा पुन्यांदा गप बसलं तर मी काय करू?" एवढ्या सगळ्या सूर्यांच्या विझण्याची बातमी जेवता जेवता सांगणारा हा माणूस, त्याच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा खरी भीती बघितली. मला फार भरून आलं आणि मी चहा मागवला.

ठरलं ते असं, की समाप्तीला पलटण जगवायची. कुमक येईल, अंधार हटेल, पोरं घरी जातील. अडचण डॉक्टरांची. "छापलंय ते छापलंय," ते म्हणाले. "उद्या कुणीही उठून काहीही शेवट करेल." साडूने त्यांच्यापुढे हात जोडले. डॉक्टरांनी खूप वेळ चष्मा पुसला आणि म्हणाले, "मी तोंड उघडणार नाही. पण मला पुढे बसवू नका."

त्या रविवारी बराखीत सतरंज्या टाकल्या होत्या. सासरे धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून पुढे बसले. मागे रविवारचे सगळे गडी, आम्ही घरची माणसं, आणि अगदी भिंतीशी डॉक्टर, ओठ घट्ट मिटून. साडू वाचू लागला. कुमक निघाली. वाटेत अडली. पुन्हा निघाली. इतकं सुंदर त्याने कधी सांगितलं नसेल. आता दूरवर दिवे दिसायला लागले, पोरं बुरुजावर चढून टोप्या उडवायला लागली, आणि सासऱ्यांनी हात वर केला.

"पावणं, थांबा."

साडू थांबला.

"लई येळ झाला, पान उलटलं न्हाई तुमी."

सासऱ्यांनी पुढे वाकून पानावर बोट ठेवलं. "ह्यो माज्या बशीतला चहा. दिवाळीत सांडल्याला. तवापस्नं रोज मी ह्योच डाग बघतोय." मग त्यांनी साडूच्या तोंडाकडे बघितलं. "पलटन मेली न्हवं?"

साडूने मान हलवली. दाराशी उभ्या असलेल्या मेव्हणीने पदर तोंडाला लावला. मी म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो, आता हे पुन्हा गप्प होतात की काय म्हणून. पण ते हसले. दोनच दात राहिलेत, ते दोन्ही दिसले.

"तुमची सासूबी आशीच," ते म्हणाले. "पोथीत कुनाच्या मरनाचा अध्याय आला, की म्हनायची, आज डोळं दुखत्यात. मग पोथी मिटून मनानंच पुढचं सांगायची. समदी सुखरूप. मला वाटायचं, सांगती हाय न्हवं, सांगू दे. जलमभर तिला कळू दिलं न्हाई, की मला ठावं हाय." त्यांनी टोपी सारखी केली. "आता उलटा पान. खरं वाचा. मी हाय बसल्याला."

साडूने पान उलटलं. तिथे फारसं काही नव्हतंच. पलटण वेशीवरून हलली नाही आणि तिच्यातलं कुणी परत आलं नाही, एवढंच. वाचून झाल्यावर तो सवयीने ‘दोन शब्द’ बोलायला उभा राहिला, हात बांधले, मान खाली घातली आणि तसाच उभा राहिला. मागे डॉक्टर आवाज न करता रडत होते. शेवटी सासरेच म्हणाले, "जेवून घ्या समदी, रस्सा गार व्हतोय." आणि उठता उठता साडूच्या खांद्यावर हात टेकून त्यांनी सांगितलं, "पावणं, उद्यापस्नं तुमचं सुरू करा. त्या इहिरीला पानी लागलं का न्हाई, ते ऱ्हायलंय."

तेव्हापासून ती विहीर चालली आहे. आता बराखीत कांदा भरलाय, म्हणून वाचन पुन्हा पडवीत आलं. पुस्तक स्टँडवर त्याच डागाच्या पानाशी उघडं असतं, रीत म्हणून. सासऱ्यांना अलीकडे कमी ऐकू येतं. साडूला ओरडून सांगावं लागतं, त्यामुळे परग्रहावरच्या विहिरीची खोली रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मधेच सासरे म्हणतात, काळा पाषाण लागला असंल तर जागा सोडू नका, खाली पाणी असतं. डॉक्टर दवाखान्यातून मेसेज करतात, खडक फुटला का? छापील शब्दाचं त्यांनी अजून सोडलेलं नाही, पण या विहिरीपुरतं ते काही बोलत नाहीत.

मागच्या आठवड्यात गेलो होतो. सासरे बरेच वाळलेत. वाचनात मधे मधे डोळा लागतो, जागे झाले की तिथून पुढे विचारतात. मी साडूला गोठ्यापाशी गाठून म्हटलं, "अहो, किती दिवस खणायला लावताय त्या पोरांना? लागू द्या की आता पाणी."

तो गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "पानी लागलं की गोष्ट संपली, भाऊ. खडक लई हाय अजून."

ऊन कलायला लागलं होतं. पडवीतून सासऱ्यांची हाक आली, "पावणं, या की. उजेड हाय तवर वाचून घ्या."