दादाचा आवाज भरायचा राहिला होता

अंगात ताप असताना दादाला धरणाच्या पाण्यात कोणी उतरवलं? मी त्याच्या सगळ्या दोस्तांना विचारलं. एकाने चहा मागवला, दुसऱ्याने विषय बदलला. पिक्चरचे किस्से मात्र सगळ्यांना तोंडपाठ! दादाला जाऊन अजून वर्ष नाही झालं, पण चार जण बसले की किस्से वाढतच जातात.

पिक्चर मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्या दोन मित्रांचा. एकाचं काम दादाने केलं, दुसऱ्याचं सलीमने. एरवी दोघंही नाशिकजवळ अंबडला कारखान्यात कामाला. पिक्चर काढणारा वसंता, दादाचा शाळेतला दोस्त. मुंबईला जाणं परवडणारं नव्हतं, म्हणून मुंबई नाशकातच!

* * *

भद्रकालीत एका दुकानाच्या पायरीवर दोघं झोपलेत, असा सीन. मधेच एक म्हातारी आली आणि दोघांच्या उशाशी भाकरी ठेवून गेली.

वसंता खूश. "वा! काय ॲक्टिंग!"

सलीम म्हणाला, "कसली ॲक्टिंग? कपडे घरचेच आहेत!"

* * *

समुद्र म्हणजे गंगापूर धरण. त्या दिवशी मी नव्हतो. कॅमेरा सुरू झाला आणि मागून म्हशी पाण्यात शिरल्या.

"कट! मुंबईच्या समुद्रात म्हशी कुठून आल्या?"

दादा गळ्यापर्यंत पाण्यात. कुडकुडत म्हणाला, "आपल्यासारख्याच आल्या असतील, कामाला!"

* * *

आमचा कॅमेरा मुका. आवाज नंतर भरायचा. त्यामुळे डायलॉग विसरला तरी दादा थांबायचा नाही. मालकाशी भांडायच्या सीनमध्ये डोळे लाल करून त्याने सटाण्याच्या कांद्याचे भाव सांगितले! वर म्हणतो, "तोंड तर हललं ना?"

* * *

त्या तापातच दादा गेला. नंतर वसंता घरी आला. "तुझा आवाज सेम त्याच्यासारखा आहे. तू बोललास तर पिक्चर होईल. नाहीतर तो मुकाच राहील."

मी त्याची कॉलर धरली.

आई म्हणाली, "सोड त्याला. जा, बोलून ये. ऐकू दे मला एकदा."

* * *

आवाज भरायला मात्र खऱ्या मुंबईला गेलो. मला भरभर वाचता येत नाही, म्हणून वसंता कानात वाक्य सांगायचा आणि मी पडद्याकडे बघून बोलायचो.

शेवटचा सीन. सलीम मेलाय, दादा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलाय. वसंताने वाक्य सांगितलं, "दोस्ता, हे शहर आपलं कधीच नव्हतं!" पण दादाचे ओठ तसे हलतच नव्हते. त्या दिवशी दादाच्या तोंडावर ऊन पाडायला मीच आरसा धरून उभा होतो. तो काय बोलला ते मला माहीत होतं.

"बोल ना," वसंता म्हणाला.

मी माइकजवळ गेलो आणि दादाच्या आवाजात बोललो, "आरसा खाली घे ना, बाळ्या. काही दिसेना मला."