साथरोगाच्या बाई

डॉ. मालतीबाई धुरी यांच्यासमोर मी पहिल्यांदा उभा राहिलो तो भांडायच्या तयारीने. सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे माझे पहिले वर्ष संपले होते आणि दुसऱ्या वर्षासाठी शाखा निवडायची होती. रुग्णालय व्यवस्थापन की साथरोगशास्त्र, एवढाच प्रश्न. पण आमच्या मालवणच्या घरात एवढासा प्रश्नही माणसांवर सोडत नाहीत. आईने ग्रामदेवतेला कौल लावला. देवाच्या पाषाणावर फुलांच्या पाकळ्या चिकटवतात, गुरव प्रश्न घालतो आणि उजवी पाकळी पडली की देवाचा होकार. रुग्णालय व्यवस्थापनाला उजवी पडली आणि आम्ही मोकळे झालो. साथरोग शाखा बाईंकडे होती. त्यांनी मला बोलावून कारण विचारले, तेव्हा मी हे छाती फुगवून सांगितले.

बाई हसतील असे मला वाटले होते. त्या मुळीच हसल्या नाहीत.

"प्रश्न कसो घातल्यानी?" त्यांनी विचारले.

"झिलाक नोकरी खंय लागात, असो."

"मगे बरोबर आसा. नोकरेचा इचारलास, देवान नोकरेचा सांगल्यान. तुका काय करूचा आसा, ता कोणी इचारल्यान?"

मुलाला काय करायचे आहे, ते कोणीच विचारले नव्हते, अगदी मीही. पुढच्या सोमवारी बाई मला संस्थेजवळच्या देवळात घेऊन गेल्या आणि सभामंडपाच्या कठड्यावर माझ्या शेजारी बसून राहिल्या. आमच्या भागात घरातला ताप आधी देवाला सांगतात, मग डॉक्टरला. गुरव मोठ्याने विचारतो, "अमक्याच्या घरात ताप उतरना नाय, ह्या घरचा काय भायरचा?" बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "आपल्या शास्त्राचा पयलो प्रश्न तोच." साथरोगशास्त्र इतक्या थोडक्यात मला पुढे कुणीही शिकवले नाही. मी अर्ज बदलला. आई पुढे वर्षभर बाईंचे नाव काढले की तोंड फिरवून बसायची.

बाईंनी या देवळातून काय काम केले, हे बाहेरच्यांना सांगून खरे वाटत नाही. एका पावसाळ्यात, भाताची लावणी चालू असताना, एकाच वाडीतल्या तीन घरांनी एकापाठोपाठ तापाचा कौल लावला. तिसरा प्रश्न पुरा व्हायच्या आत बाई उठल्या. वाडीवर जाऊन पाहिले तर तिन्ही घरांची माणसे एकाच मळ्यात चिखलात उतरली होती. उंदरांच्या मुतातून पाण्यात येणारा लेप्टोचा ताप होता तो. त्याच दिवशी घरोघर गोळ्या पोचल्या आणि काही दिवसांत सगळी माणसे पुन्हा लावणीला उभी राहिली. गावातल्या एका म्हाताऱ्याने बाईंना विचारले, "बाई, तुमी देवाक मानतास काय?" बाई म्हणाल्या, "ता माझा माका म्हायत नाय. पण तुमी देवासमोर खोटा बोलणास नाय, माझ्यासमोर बोलतास. म्हणान हय येवन बसतंय."

ऐकलेले त्यांनी कधी उघडे केले नाही. आमच्यातल्या एका हुशार विद्यार्थ्याने अहवालात एका घराचे नाव घातले, तर बाईंनी सगळ्या वर्गासमोर त्याला ते पान पुन्हा लिहायला लावले. "तेंच्या चेडवाचा लगीन ठरता हा. तुझो अहवाल वाचून मोडला तर तू करतलंस काय तिच्याशी?" वर्ग हसला, पण तेव्हापासून कुणीही ती चूक केली नाही.

माझ्यावरचे त्यांचे उपकार सांगायचे तर लाज बाजूला ठेवावी लागेल. पदवी घेऊन मी रेडी गावाच्या भागात तापाच्या सर्वेक्षणाला कंत्राटावर लागलो आणि काम अंगवळणी पडते न पडते तोच कंत्राट संपले. पुन्हा लागलो, पुन्हा संपले. ऐन पावसात, जेव्हा खरी गरज, तेव्हा मी घरी. बाईंनी संस्थेत जाऊन सांगितले की माझे तास याला द्या, मी घरी बसते. असा मी संस्थेत शिकवायला लागलो. मला त्यांनी कारण सांगितले ते वेगळेच. त्यांचे गुडघे दुखतात, असे. त्याच महिन्यात त्या वाड्यांवरून पायी फिरत होत्या, हे मला एका विद्यार्थ्याने सांगितले.

इथपर्यंत लिहिले ते गौरवलेखाला साजेसे आहे. पुढचे नाही. पण बाईंच्या पंच्याहत्तरीला मी गोड गोड लिहिले तर त्या हा गौरव अंक उघडणारसुद्धा नाहीत.

गेली काही वर्षे आमच्याकडे साथरोग घ्यायला कोणी तयार होत नाही. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. रुग्णालय व्यवस्थापन घेतलेल्याला गोव्यात, मुंबईत खुर्ची मिळते. साथरोगवाल्याला कंत्राट मिळते आणि ते नेहमी साथीच्या तोंडावर संपते. यंदा संस्थेने स्पष्ट सांगितले की या वर्षी एकही विद्यार्थी आला नाही, तर शाखा बंद. सगळ्यांचे अर्ज रुग्णालय व्यवस्थापनाला आले. एक मुलगी राहिली. मसुऱ्याची तन्वी, घरी काजूची बाग आणि भातशेती, वर्गात पहिली. तिला साथरोगाची मनापासून ओढ होती, पण अर्ज भरायचा धीर होत नव्हता. मी तिला आरोंद्याला बाईंच्या घरी घेऊन गेलो. मला वाटले, झाले काम. बाईंसमोरून कोण परत जातो?

खाडीकडच्या पडवीत बसून बाईंनी तिची सगळी चौकशी केली. मग विचारले, "आई काय म्हणता?"

"आई म्हणता, खंयचीय शाखा घे, पण वरसा-वरसाक घराक बसाची पाळी येवक नको."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी काय काय भोगले ते त्यांनी जवळून पाहिले होते.

"मगे रुग्णालय व्यवस्थापन घे गो," त्या म्हणाल्या.

मी ताडकन उठलो. "बाई, शाखा बंद पडतली!"

"पडूंदे. शाखेक पोट नाय, ह्या चेडवाक आसा."

तन्वी रडायला लागली. निघताना ती पाया पडायला वाकली, तर बाईंनी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "माका माफ कर गो बाय. सगळा आयुष्य गेला, पण ह्या कामाक धड एक नोकरी जोडूक माका जमूक नाय."

ते वाक्य ऐकले आणि मला वाटले, हे ऐकण्याआधी आपण बहिरे झालो असतो तर बरे. ज्या बाईने वाडीन् वाडी वाचवली, तिने पंच्याहत्तराव्या वर्षी एका पोरीची माफी मागावी. आणि माफी मागायला हवी होती ती ज्यांनी, त्यांच्यापैकी कुणालाही ही खंत शिवलेली नाही. बाईंच्या जागी मी असतो तर तन्वीला साथरोग घ्यायलाच लावले असते आणि वर त्याला ध्येय म्हटले असते. बाईंनी तसे केले नाही. आजवर मी त्यांचे पुष्कळ मोठेपण पाहिले, पण एवढे मोठेपण मला सोसत नाही.

शाखा बंद झाली. दारावरची पाटी शिपायाने उतरवली आणि कुठे ठेवू म्हणून मलाच विचारले. मला यंदापासून रुग्णालयातल्या खाटांचे नियोजन शिकवायला दिले आहे. तन्वी त्या वर्गात पुढच्या बाकावर बसते, सगळे उत्तम टिपून घेते आणि माझ्याकडे बघत नाही. बाईंनी उभे केलेले काम पुढे चालेल, असे मी इथे लिहू शकत नाही, कारण ते चालणार नाही.

राहिल्या शुभेच्छा. बाई, तुम्ही पुष्कळ जगावे, पायांनी चालत जगावे, डोळे आणि कान असेच राहावेत. एक दिवसही अंथरूण धरू नये. हे मी रीत म्हणून मागत नाही. आरोंद्यात उद्या ताप आला, तर तो कुठून आला हे विचारत तुमच्या दाराशी कुणी येईल, एवढेही वचन आम्ही तुमचे विद्यार्थी तुम्हाला देऊ शकत नाही. म्हणून निरोगी राहण्याचे कामही, बाई, तुमच्यावरच टाकतो आहोत.