चाचांची नऊ मतांची भिंत

आमच्या वरच्या मजल्यावरच्या चाचांइतका न्यायाला हळवा माणूस अख्ख्या आखातात दुसरा नसेल. कोर्टकचेरीशी त्यांचा आयुष्यात संबंध आला नाही. त्यांचं न्यायालय म्हणजे मस्कतच्या रुवी भागातलं त्यांचं फ्रेमचं दुकान. तिथे एका भिंतीवर कुराणातल्या आयती, दुसऱ्या भिंतीवर सुलतानांचा फोटो, गिऱ्हाइकांनी काच बसवायला टाकलेले गणपती आणि नर्सबाईंची सर्टिफिकिटं. तिसरी भिंत मात्र विक्रीची नाही. मस्कतमध्ये शुक्रवारी सकाळी टेनिस बॉलचं क्रिकेट खेळून निवृत्त झालेल्या आपल्या माणसांपैकी जे खरोखर मोठे, त्यांचे फोटो तिथे लागतात. खरोखर मोठे कोण, हे ठरवण्यात चाचांची वीस-बावीस वर्षं गेली आणि आजवर भिंतीवर चढले फक्त अकरा.

ही कल्पना त्यांना कशी सुचली ते ऐकण्यासारखं आहे. रत्नागिरीकडून आल्यावर चाचा पहिली काही वर्षं वाळवंटातल्या एका तेलाच्या कॅम्पवर स्टोअरकीपर होते. तिथे एक अमेरिकन इंजिनियर होता. तो दर थंडीत फोनवर आपल्या भावाशी तासन्‌तास भांडायचा. भांडण एकच, बेसबॉलच्या कुठल्या निवृत्त खेळाडूला तिकडच्या सन्मानाच्या दालनात जागा मिळायला हवी. चाचांनी बेसबॉलचा एकही सामना पाहिलेला नाही. त्या खेळात स्टंप नसतात हे कळल्यावर त्यांचा त्यातला रसही संपला. पण दर चार मतांमागे तीन मिळाल्याशिवाय तिथे कोणी आत जात नाही, आणि माणूस खेळणं सोडून म्हातारा होऊ लागला तरी लोक त्याच्यासाठी भांडत राहतात, ही गोष्ट त्यांच्या मनात घर करून बसली. "खेळ ऱ्हाऊ दे रे," ते म्हणायचे, "त्यांचा भांडन बघ किती सुंदर हाय!"

चाचांची समिती बारा जणांची, म्हणून फोटो लागायला नऊ मतं. समितीत मी आहे, एक आपले इंजिनियर आहेत, एक दर्जी आहेत, आणि दुकानाचे ओमानी अर्बाब, म्हणजे कागदोपत्री मालक, तेही आहेत. अर्बाबना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही. ते खजूर खात सगळं भांडण शांतपणे ऐकतात आणि शेवटी प्रत्येक नावाला "चांगला माणूस" म्हणून हात वर करतात. चाचांना हे मुळीच मंजूर नाही, पण दुकान अर्बाबच्या नावावर असल्यामुळे ते गप्प बसतात. बाकी कोणालाही सूट नाही. एका प्लंबरने मारलेला सिक्सर मैदानाबाहेरच्या पाण्याच्या टाकीला लागला होता असा दावा आला, तर चाचा महिनाभर ती टाकी कोणाची, त्या दिवशी ती तिथे होती का, आणि चेंडू आधी टप्पा पडून गेला का, याच्या चौकशीत होते. चिपळूणला परतलेल्या त्या सामन्यातल्या विकेटकीपरला त्यांनी इतके फोन केले, की शेवटी त्याच्या आईने "तो शेतात गेलाय" म्हणून सांगायला सुरुवात केली. एकदा एका सलामीच्या फलंदाजाची बायको लग्नाचा फोटो फ्रेम करायला आली. चाचांनी कात्री खाली ठेवून तिचीच साक्ष काढली. ती म्हणाली, "अहो, यांना घरातला बल्ब बदलता येत नाही." चाचा गंभीरपणे म्हणाले, "भैनी, बल्बचा सवाल नाय, स्ट्रेट ड्राइव्हचा हाय." त्या गृहस्थांना सात मतं पडली. फ्रेम मात्र चाचांनी फार सुरेख करून दिली.

पण एक नाव दरवर्षी यायचं आणि दरवर्षी आठ मतांवर अडायचं. तो गुहागरकडचा फास्ट बोलर. इब्राला एसी दुरुस्तीचं काम करायचा, म्हणून सगळे त्याला इब्रावालाच म्हणत. पहाटे निघून दोन तास गाडी हाकत तो रुवीला यायचा, सहाच्या ठोक्याला बोलिंग टाकायचा आणि जुम्म्याच्या नमाजाआधी परत निघायचा. त्याच्यासारखा चेंडू आत आणणारा माणूस आम्ही पाहिला नाही, याबद्दल दुमत नव्हतं. दुमत होतं ते एका फायनलबद्दल. तेव्हा चाचा अंपायर होते. शेवटच्या ओव्हरला त्यांनी चेंडू हातात घेऊन पाहिला, तर टेनिस बॉलवर गुंडाळलेली टेप एका बाजूने सोललेली. अशा चेंडूला फार स्विंग मिळतो. चाचांनी सगळ्यांसमोर इब्रावाल्याला लबाड ठरवलं आणि सामना समोरच्या संघाला देऊन टाकला. तो एक शब्द बोलला नाही. बूट गाडीत टाकले आणि निघून गेला, तो परत कधी आलाच नाही.

गेल्या जानेवारीत पुन्हा मतदान झालं. पुन्हा आठ. चाचा आणि चाचांना दुखवायला न धजणारे तिघे, असे चार हात खाली. आमच्यात नवीनच आलेल्या एका मास्तरांनी विचारलं, "पण चाचा, टेप काढताना त्याला कोणी पाहिलं होतं का?"

"नाय," चाचा म्हणाले. "पन दुसरा काय झाला असता तर कोनी सांगितला नसता का? मानसा उभी होती तिकडा, दगड नव्हते."

त्या दगडांमधला एक मी होतो. शेवटच्या ओव्हरआधी चेंडू मी उभा होतो त्या बाजूने सीमेपार गेला आणि तारेच्या कुंपणात अडकला. ओढून काढताना टेप फाटली. एक तुकडा लोंबत होता, तो मी उपटून फेकला आणि चेंडू घाईघाईने परत टाकला. मिनिटभरात चाचांचा आवाज चढला. मी मस्कतमध्ये येऊन जेमतेम दोन महिने झाले होते, राहायची खोली चाचांनीच मिळवून दिली होती, आणि चिडलेल्या चाचांसमोर तोंड उघडायची माझी छाती झाली नाही. नंतर सांगू, नंतर सांगू, करता करता मला दोन मुलं झाली आणि डोक्यावरचे केस गेले. इब्रावाल्याच्या नावाला मी दरवर्षी हात वर करायचो आणि तेवढ्यावर स्वतःची समजूत घालायचो.

त्या दिवशी मी सगळं सांगितलं. अर्बाबनीही खजूर खायचं थांबवलं. चाचा ओरडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मग म्हणाले, "तू भित्रा निघालास, ती गोष्ट येगळी. पन मी त्याला इचारलाच नाय. अंपायर होतो मी. इचारायला नको होता?" त्यांनी दुकानाची किल्ली उचलली. "शनवारी गाडी काढ," ते म्हणाले, "इब्राला जायचा हाय. यल्ला, आता घरा जा समदे."

शनिवारी आम्ही दोघे निघालो. इब्राच्या सूकजवळ, म्हणजे तिथल्या बाजारापाशी, इब्रावाल्याचं स्वतःचं एसीचं दुकान होतं. तो स्टुलावर चढून एक यंत्र धूत होता. चाचांना पाहून खाली उतरला, हात पुसले आणि "बसा चाचा" म्हणाला. चाचा बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "टेप तारेत फाटली होती. माझा निकाल चुकला. मी माफी मागायला आलोय." मीही माझा वाटा सांगितला. इब्रावाल्याने हातातलं फडकं घडी करून स्टुलावर ठेवलं.

"मला ठाऊक होतं की मी काढली नाही," तो म्हणाला. "पण तुमच्यासारखा माणूस सांगतोय म्हटल्यावर माझे स्वतःचे मित्रही माझ्याकडे बघेनात. त्याचं वाईट वाटलं. सामन्याचं नाही."

"मंग तू बोलला का नायस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

चाचांनी मान खाली घातली. तेव्हा त्यानेच पुढे होऊन त्यांना धरून बसवलं आणि चहा मागवला.

पुढच्या शुक्रवारी समिती भरली, तेव्हा चाचांनी आपलं मत स्वतःहून काढून घेतलं. ज्याचा निकाल चुकला त्याला या नावावर हात वर करायचा हक्क नाही, म्हणाले. मग अकरांमध्ये किती मतं पुरेशी, यावर पाऊण तास कडाक्याचं भांडण झालं आणि चाचांना अगदी ताजंतवानं वाटू लागलं. अकराच्या अकरा हात वर गेले. अर्बाब म्हणाले, "चांगला माणूस," आणि पहिल्यांदाच चाचांनी त्यांना दुजोरा दिला.

फोटो लावायच्या संध्याकाळी इब्रावाला बायको आणि मुलीला घेऊन आला. मुलगी बारा-तेरा वर्षांची. फोटोखाली चाचांनी स्वतः लिहिलेल्या दोन ओळी ती बोट ठेवून, मराठी वाचायची सवय नसल्यामुळे अडखळत, वाचू लागली. "वे-ग-वान... गोलंदाज. प्रा-मा-णिक." मग वळून म्हणाली, "पप्पा, तुम्ही क्रिकेट प्लेयर होतात? तुम्ही कधीच मला बोलला नाही!"

इब्रावाल्याच्या आधी चाचाच बोलले. "माझ्यामुला नाय बोलला, बेटा. मी अंपायर होतो. बेकार अंपायर."

ती थोडा विचार करून म्हणाली, "आणि आता?"

"आता शिकतोय," चाचा म्हणाले.

पोरगी खुदकन हसली आणि तिच्या वडिलांनी पटकन रस्त्याकडे तोंड फिरवलं. आता ते दोघे अधूनमधून शुक्रवारी मैदानावर दिसतात. तो मुलीला बोलिंग शिकवतो. तिचा चेंडूही आत येतो म्हणे.

चाचा म्हणतात, आता खलास, यंदा गावी जाऊन राहायचं. हे ते गेली सात वर्षं म्हणताहेत. पण यंदा त्यांनी वरच्या खोलीतलं थोडं सामान खरंच बांधलंय, आणि जिन्यात ती खोकी दिसली की मला उगीच चुकल्या-चुकल्यासारखं होतं. परवा मी मुद्दाम त्या टाकीवाल्या प्लंबरचा विषय काढला. चाचा तिथेच पायरीवर बसले आणि म्हणाले, "टाकीचा एक साक्षीदार सोहारला हाय म्हनतात. त्याला गाठल्याशिवाय कसा जानार?" मीही त्यांच्या शेजारी बसलो, आणि म्हटलं, चाचा, तो चेंडू मला तरी टप्पा पडूनच गेल्यासारखा वाटतो.