विलायतेची राणी अन् माझी मिशी

मंडळी, आज दुपारी टीव्हीवर विलायतेतली एक नटी पाहिली अन् नुसता जळून गेलो. बाई ऐंशीच्या पुढची, उभा जन्म नाटक-सिनेमात गेला, अन् अजून राणीच होऊन राहिली! सुरकुत्यांसकट!

मीबी गावच्या गणपतीच्या नाटकात मिशी काढून राणी व्हायचो. गालफडं बसली अन् पोरांनी माझ्या हाती पडद्याची दोरी दिली.

तसाच उठून तालमीला गेलो. म्हणलं, "यंदा राणी मी."

पोरं खिदळली. "आबा, राणीला दात लागतात!"

घरी बायको म्हणाली, "काहून जळता? नाटकातल्या राजाला आई न्हाई का?"

व्हय की! उद्या राजाच्या आईचं काम मागतो. मिशी मात्र आत्ताच उतरवली. विलायतेच्या बाईला एवढी तकलीफ कधी पडली असंल का, तुमीच सांगा!